फाइल सापडली नाही

आमच्या घरात सकाळी पहिलं वाक्य नवऱ्याचं असायचं. चहाचं आधण ठेवून मी बैठकीतला लॅपटॉप सुरू करायची आणि उदयच्या आवाजात घोषणा व्हायची, “शुभवाण सुरू करता आले नाही. फाइल सापडली नाही.” खुद्द उदय तेव्हा आत पलंगावर बसून पायमोज्यांची जोडी जुळवत असत.

हा काय प्रकार, ते आधी सांगते. मी सांगलीच्या शाळेत तीसेक वर्षं विज्ञान शिकवलं. समजावून सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, आणि समोरच्याला आधीच समजलेलं असलं तरी मी थांबत नाही.

दोनेक वर्षांपूर्वी उदयना मेंदूचा झटका आला. चालणं सुधारलं, हातही बराच सुधारला, बोलणं मात्र गेलं. याला अफेझिया म्हणतात. त्यांना समजतं सगळं. बातम्या समजतात, क्रिकेट समजतं, माझे टोमणे तर फारच चांगले समजतात. मनात शब्द तयारही होतो. पण मनापासून जिभेपर्यंतचा रस्ता खचलेला आहे. ‘हो’ म्हणायला जातात आणि ‘नाही’ निघतं. मानही तशीच, कधी उभी हलायची ती आडवी हलते. त्यामुळे हो-नाहीवरून त्यांच्या मनातलं ओळखायला जावं तर हमखास घोटाळा होतो.

त्यांना दवाखान्यातून वाचापट्टी मिळाली. हल्ली ती बऱ्याच जणांच्या डोक्यावर दिसते, केसांना लावायच्या पट्ट्यासारखी. तिच्यातले संवेदक मेंदूच्या बोलण्याच्या भागातले बारीक विजेचे संकेत टिपतात आणि लॅपटॉपला पाठवतात. मात्र कवटीबाहेरून टिपलेला संकेत फार पुसट असतो. शब्द लहान आहे, ओठ मिटून सुरू होतो, एवढंच त्यातून कळतं. पुढचं काम लॅपटॉपमधला भाषेचा प्रोग्राम करतो. माणूस कोण, वेळ कोणती, आधी काय बोलणं झालं, हे बघून तो ठरवतो की जेवणाच्या टेबलावर हा शब्द ‘मीठ’ असणार, ‘मोजे’ नव्हे. म्हणजे निम्मं उदयचं डोकं आणि निम्मा यंत्राचा अंदाज. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो.

आवाज कुठून आणला, तेही सांगते. उदय पाटबंधारे खात्यात होते. पुराच्या दिवसांत कृष्णेच्या पाण्याची पातळी ते सगळ्या नातेवाइकांना फोनवर बोलून कळवत. ते आवाजी निरोप आमच्या मुलीने, ईशानीने, जपून ठेवले होते. त्यांतून यंत्राने हुबेहूब त्यांचा आवाज घडवला. म्हणून ‘थोडं मीठ दे’ हेसुद्धा आमच्याकडे पाणी धोक्याच्या पातळीवर पोचल्यासारखं ऐकू यायचं. लॅपटॉपचे स्वतःचे निरोपही त्याच आवाजात वाचले जायचे. ती सोय बंद कशी करायची ते मला शोधायचं होतं, पण राहून गेलं.

आता शुभवाण. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पूर्वी डबे, गाळण्या, साबणाच्या पेट्या वाटायचे. प्रत्येकीच्या माळ्यावर प्लास्टिकचा डोंगर झाला, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या बायकांनी ठरवलं की वाण डिजिटल द्यायचं. शेजारच्या मगदूम वहिनींनी यंदा घरोघरी जाऊन ‘शुभवाण’ नावाचं ॲप लुटलं. त्यात सणवार, तिथ्या, रांगोळ्या, नैवेद्याच्या कृती. माझा फोन आत चार्जिंगला होता, टेबलावर हा लॅपटॉप उघडा होता.

“यातच देते की बाई,” वहिनी म्हणाल्या. “वाणाला नाही म्हणू नये.”

अनोळखी फाइल उघडू नका, म्हणून मी जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडत आले. पण ती फाइल झाली, हे वाण होतं. दारात आलेलं वाण कोणी परत पाठवतं का? मी हळदीकुंकू लावून घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला आणि पडद्यावरच्या ‘मान्य’वर बोट ठेवलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा ठेवलं. विचारलं तितक्या वेळा ठेवलं.

मग उदय वेगळे बोलायला लागले. आधी ‘चहा’ म्हणायचे, आता म्हणाले, “मला हिमरेखा चहा हवा.” मी चकित झाले. लग्नापासून या माणसाने पानातलं काही नाकारलं नाही की मागून घेतलं नाही. मी हिमरेखा आणला. मग पाठीला आराम देणारी गादी झाली, बिनसाखरेचं श्रीखंड झालं. वस्तू आली की उदय तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि मुकाट्याने वापरायला लागायचे. मला वाटलं, आजारपणाने माणूस मोकळा झाला. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगत सुटले की आमच्याकडे आता फर्माइशी होतात.

फर्माइशी जशा सुरू झाल्या तशा थांबल्याही, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

पाडव्याच्या दिवशी मात्र गुढीला नैवेद्य दाखवून आम्ही जेवायला बसलो आणि उदयनी पट्टी नीट बसवून घेतली.

“मला वाईला जायचंय,” लॅपटॉप म्हणाला. “स्वरवाटला. तिथे यंत्राशिवाय बोलायला शिकवतात. एकटा जाणार.”

स्वरवाट हे निवासी केंद्र आहे, हे मला माहीत होतं. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरत होती. त्यांचं शास्त्र साधं आहे. मेंदूचा एक भाग बिघडला तरी शेजारचा भाग त्याचं काम शिकू शकतो, पण गरज पडली तरच शिकतो. यंत्र बोलायला लागलं की मेंदूची गरज संपते. म्हणून तिथे यंत्र बाहेर ठेवायचं, घरच्यांनीही बाहेर राहायचं आणि रोगी तोंडाने मागेल तेव्हाच पाणी मिळायचं. पावसाळा, दिवाळी, सगळं तिथेच. नवी तुकडी अक्षय्यतृतीयेला सुरू होणार होती.

“एकटा म्हणजे?” मी म्हणाले. “तिथे तुमच्या मनातलं कोणाला कळणार आहे? मला नुसत्या भुवईवरून कळतं. पुरी घ्या.”

“मला जायचंय.”

“बघू. बटाट्याची भाजी संपवा आधी.”

मी हसत बोलले आणि त्यांच्या पानात आणखी एक पुरी वाढली. मी या माणसाचं दोन वर्षं सगळं केलं. बँकेत मी बोलले, डॉक्टरांशी मी बोलले, नातेवाइकांना फोनवर त्यांची खुशाली मी कळवली. आणि त्यांना माझ्यापासून लांब जायचंय. पुढच्या दिवसांत ते वाक्य आणखी दोन-चारदा आलं. दर वेळी मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रागावण्यापेक्षा मला ते सोपं वाटलं.

एका दुपारी पुण्याहून ईशानीचा व्हिडिओ फोन आला. ती तिकडे नोकरी करते.

“आई, तुमच्याकडे शुभवाण नावाचं ॲप आहे का गं?”

“आहे. मगदूम वहिनींचं वाण.”

ईशानीने कपाळाला हात लावला. “ॲडवेअर आहे ते. इकडे सगळीकडे त्याचीच चर्चा चाललीय. वाचापट्टीवाल्यांच्या बोलण्यात जाहिराती घुसवतं.”

ॲडवेअर म्हणजे न मागता घरात शिरून जाहिराती दाखवणारा प्रोग्राम. पूर्वी तो पडद्यावर चित्रं नाचवायचा. शुभवाणची युक्ती नवी होती. ते भाषेच्या प्रोग्रामला चिकटायचं आणि अंदाजाचा तराजू डळमळत असला की एका पारड्यावर हळूच बोट ठेवायचं. माणसाच्या मनात ‘चहा’ असे, बाहेर ‘हिमरेखा चहा’ पडे. माणसाला वाटे यंत्र चुकलं, घरच्यांना वाटे याला तोच हवाय. गादीचं आणि श्रीखंडाचं कोडं मला त्या क्षणी उलगडलं.

“आणि उपचार केंद्रं?” मी विचारलं. “त्यांच्या जाहिराती पण असतील?”

“असतील. का गं?”

“सहज,” मी म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की फोन ठेवून मी खुर्चीतच बसून हसले. मग उदयच्या समोर जाऊन उभी राहिले.

“ऐकलंत का? ते वाईचं वाक्य तुमचं नव्हतंच. जाहिरात होती ती.”

उदयनी मान वर केली. “माझं होतं,” लॅपटॉप म्हणाला.

“हेसुद्धा तेच बोलतंय,” मी म्हणाले. “जाहिरात कधी स्वतःला जाहिरात म्हणते का?”

हा युक्तिवाद मला फारच आवडला होता. यंत्र एकदा खोटं ठरलं की त्याने काहीही सांगितलं तरी ते खोटंच. उदयनी डोक्यावरची पट्टी काढली, घडी करावी तशी टेबलावर ठेवली आणि गॅलरीत जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी ती पट्टी घातली नाही. पाहुणे आले तरी नाही आणि ईशानीने फोनवरून विनवलं तरी नाही. जेवायला हाक मारली की येत, जेवत आणि पुन्हा गॅलरीत. मी सगळ्यांना सांगितलं, यंत्राने फसवलं म्हणून चिडलेत.

माझा बेत ठरला होता. लॅपटॉप साफ करायचा, पट्टी पुन्हा त्यांच्या डोक्यावर चढवायची आणि वाईचा विषय आपोआप मिटवायचा.

रविवारी सकाळी ईशानीला फोनवर समोर ठेवून मी कामाला लागले. लॅपटॉप सुरू केला. “शुभवाण सुरू करता आले नाही. फाइल सापडली नाही,” उदयचा आवाज म्हणाला. गॅलरीतले उदय हलले नाहीत.

“आधी पूर्ण स्कॅन कर,” ईशानी म्हणाली.

स्कॅन झालं. धोका नाही. प्रोग्रामची यादी उघडली, त्यात शुभवाण नाही. त्याचं फोल्डर शोधून काढलं, ते रिकामं. भाषेच्या प्रोग्रामला काही चिकटलंय का ते बघितलं, तर तोही कोरा करकरीत.

“कुठेतरी दडून बसलंय,” मी म्हणाले. “रोज सकाळी बोंबलतंय ना.”

“आई, तो शुभवाण नाही बोंबलत. लॅपटॉप बोंबलतोय. नीट ऐक काय म्हणतोय ते.”

मी नीट ऐकलं, म्हणजे मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघितलं, आणि उलगडा झाला. असा प्रोग्राम घरात शिरला की दोन गोष्टी करतो. एक, स्वतः येऊन बसतो. दुसरं, लॅपटॉप सुरू होताना ज्यांना ज्यांना उठवायचं असतं त्यांत स्वतःचं नाव घालून ठेवतो. सुरक्षेचं अपडेट आलं की प्रोग्राम खरवडून निघतो, पण ते नाव कधी कधी तसंच राहतं. पोरगं दाखला घेऊन शाळा सोडून गेलेलं असतं, हजेरीपटावर नाव मात्र राहिलेलं. बाई रोज नाव पुकारतात आणि कोणी ‘हजर’ म्हणत नाही. फाइल सापडली नाही, कारण ती जागेवर नाही. सकाळची ती घोषणा म्हणजे ॲडवेअर घरात असल्याची तक्रार नव्हती. ते गेल्याची खूण होती.

“मेसेज कधीपासून येतोय?” ईशानीने विचारलं.

मला विचार करावाच लागला नाही. “रंगपंचमीपासून. मगदूम वहिनी रंग लावायला आल्या होत्या आणि बाबांच्या आवाजात पहिल्यांदा हे ऐकू आलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही सकाळपासून हेच चाललंय. आम्ही दोघी हसलो होतो.”

“म्हणजे रंगपंचमीच्या सुमाराला अपडेट आलं आणि शुभवाण गेलं. त्यानंतर बाबा जे बोलले, ते त्यांचंच.”

पाडव्याचं तिला काही ठाऊक नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं. पण पाडवा रंगपंचमीनंतर येतो हे मला कळायला पंचांग लागत नाही.

“काहीतरी शिल्लक राहिलं असेल,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच वर्गात कॉपी पकडलेल्या मुलासारखा वाटला.

“रंगपंचमीनंतर बाबांनी त्या हिमरेखा चहाचं नाव घेतलं का कधी?”

हिमरेखाचा पुडा अर्धा तसाच पडला होता. रंगपंचमीनंतर उदय नुसतं ‘चहा’ म्हणत होते आणि मी साधा चहा करत होते, हे मला तेव्हा, त्या खुर्चीत बसून आठवलं.

पाडव्याचं वाक्य त्यांचं होतं. अख्खं त्यांचं. दोन वर्षांत एवढं लांब, एवढं स्पष्ट आणि एवढ्या मनापासून ते पहिल्यांदाच बोलले होते आणि मी त्याला जाहिरात म्हणाले होते. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर लाजेआधी वाईट वाटलं, कारण आता ते खरंच जाणार होते.

ईशानीला मग सगळं सांगितलं. “बाबांशी बोल,” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. शुभवाणचं नाव स्टार्टअपमधून काढायला एक क्लिक पुरला. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. तो मुकाट्याने सुरू झाला.

मी पट्टी घेऊन गॅलरीत गेले. उदय खाली पार्किंगमध्ये गाडी धुणाऱ्या माणसाकडे बघत होते.

“ते वाक्य तुमचंच होतं,” मी म्हणाले. “मला आत्ता कळलं. आधीही कळलं असतं, पण मला ते नको होतं. माझं चुकलं.”

त्यांनी वळून बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

“आता हे स्वच्छ आहे.” मी पट्टी पुढे केली. “घाला आणि सांगा मला, का जायचंय?”

त्यांनी पट्टी हाताने बाजूला सारली. जोरात नाही, नको असलेली पोळी सारावी तशी. मग तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली, शब्द आला नाही.

“माझा कंटाळा आलाय का?” मी विचारलं. “घरात कोंडल्यासारखं होतं? का ईशानीवर आपला भार नको म्हणून? का मी तुमच्यासाठी नोकरी लवकर सोडली ते मनाला लागून राहिलंय?”

उदयनी डावा हात वर केला. वाहतूक पोलीस करतो तसा, तळवा माझ्याकडे. मी थांबले. पुन्हा ओठ हलायला लागले. खाली गाडी धुणाऱ्याने पाण्याचा नळ बंद केला, बादली उचलली आणि तो गेलासुद्धा. मी पाच वेळा बोलायला तोंड उघडलं आणि पाच वेळा मिटलं.

“तू,” उदय म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “बोलतेस.”

मी कुठे, असं अगदी जिभेवर आलं होतं. ते बोलले असते तर त्यांचंच म्हणणं सिद्ध झालं असतं. या घरात त्यांच्या वतीने बोलणारे आम्ही तिघं होतो. शुभवाणला अपडेटने काढलं. लॅपटॉपला त्यांनी स्वतः डोक्यावरून उतरवलं. राहिले होते मी, आणि मला काढायचा एकच मार्ग त्यांना सापडला होता, तो म्हणजे स्वतः निघून जाणं. मी काही त्यांचं वाईट चिंतलं नव्हतं. जन्मभर वर्गात केलं तेच घरी केलं, पोरगं अडलं की पुढचा शब्द पुरवला. पण शब्द पुरवला की पोरगं तो शिकत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

“बॅग भरते,” मी म्हणाले. मग स्वतःलाच दटावलं आणि विचारलं, “बॅग तुम्ही भरणार का?”

त्यांनी मान आडवी हलवली, मग वैतागून उभी हलवली आणि उठून आत गेले. बॅग त्यांनीच भरली. त्यात चार स्वेटर होते आणि टॉवेल नव्हता. मी ते बघितलं आणि तसंच ठेवलं. टॉवेल तिथे मागतील तोंडाने.

अक्षय्यतृतीयेला मी गाडी चालवत त्यांना वाईला नेलं. कराडपर्यंत मला बोलावंसं वाटत राहिलं. साताऱ्याच्या पुढे सवय झाली. वाईत घाटाजवळ गाडी सावकाश नेली, तेव्हा ते काच खाली करून कृष्णेचं पाणी बघत राहिले. इथे ती आमच्याकडच्या मानाने अगदीच लहान दिसते. याचं भूगोलातलं कारण मला ठाऊक आहे. मी सांगितलं नाही.

स्वरवाटच्या कार्यालयात चाळिशीच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला दोन खुर्च्या दिल्या आणि मला आधीच बजावलं.

“ताई, इथून पुढे मी यांनाच विचारणार. तुम्ही काही पुरवायचं नाही, मानेनेसुद्धा नाही. मी तुम्हाला विचारलं तरच सांगायचं.”

“हो,” मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडावर बोट ठेवलं.

“आपलं नाव काय?” त्यांनी उदयना विचारलं.

उदय ताठ बसले. ‘उ’ आला, गेला, पुन्हा आला. शेवटी “उदय” असं एकदम बाहेर पडलं आणि ते स्वतःच दचकले. बाईंनी कौतुक केलं नाही, शाबासकी दिली नाही, नुसती मान डोलावली. मला हे आवडलं. एवढ्या-तेवढ्याला शाबासकी देणारे शिक्षक मला कधी पटले नाहीत.

“आणि या कोण?”

उदय माझ्याकडे वळले. “खुर्ची,” म्हणाले. आपलं चुकलं हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले, उघडले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“घाई नाही,” बाई म्हणाल्या आणि खरोखरच घाई नसल्यासारख्या बसून राहिल्या.

मी पर्सचा पट्टा मुठीत धरला. ‘बायको’ म्हणा, सोपं आहे. नाहीतर ‘ही’ म्हणा, इतकी वर्षं तेच म्हणत आलात. शब्दांची नुसती रांग लागली होती माझ्या दातांमागे, आणि त्यांतला एकही देणं माझ्या हातात नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. तो पुसायलाही मी हात उचलला नाही.

“वृ,” उदय म्हणाले.

भिंतीवरचा पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी मोठ्याने ‘पाणी’ म्हणायचा प्रयत्न करत होतं, पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. उदयनी ते ऐकलं. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले, पाय जमिनीत रोवले आणि माझ्या चेहऱ्याकडे असं बघितलं की जणू पुढचं अक्षर तिथे कुठेतरी लिहिलेलं आहे. मी चेहरा स्थिर ठेवला. ओठांनी आकारसुद्धा करून दाखवला नाही.

“वृ,” ते पुन्हा म्हणाले. “वृ... षा...” श्वास घेतला. “ली.”

आणि थकून खुर्चीला टेकले.

बाईंनी मग माझ्याकडे बघितलं. “बरोबर?”

डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं, ते तसंच राहू देऊन मी मान हलवली. बोललं तरी चाललं असतं, मला विचारलं होतं. पण त्यांच्या शब्दानंतर लगेच माझा शब्द नको होता.